क्षीण मुद्रणाचा प्रश्न : कर्ण्यापासून डिजिटल पियानोपर्यंत
(नशिराबाद येथील एका ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने)

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर, जळगावपासून सुमारे १० किलोमीटरवर नशिराबाद हे जुने गाव आहे. त्याच्या जवळचे रेल्वेस्थानक भादली. मराठी वाचकाला हे स्थानक वेगळ्या कारणाने ठाऊक असते. धरणगावी जन्मलेल्या बालकवींचा १९१८ साली याच स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून अंत झाला. याच परिसरातील आसोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. त्यांच्या ओव्या चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनी वेळोवेळी उतरवून घेतल्या नसत्या, तर १९५१ साली त्यांच्याबरोबरच त्या नाहीशा झाल्या असत्या. उतरवून घेतल्या म्हणूनच १९५२ साली त्या ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. जे कंठात आहे ते वेळीच टिपून ठेवले नाही तर ते कायमचे जाते, हे सांगण्यास या टापूइतके समर्पक स्थळ दुसरे क्वचितच मिळेल.

शब्द कागदावर उतरतात, नाद उतरत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणाचे साधन हवे, आणि ते साधन योग्य रीतीने वापरलेलेही हवे. प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या अटीशी संबंधित आहे. मुद्रण झाले, परंतु ते इतके क्षीण झाले की नादापेक्षा खरखरच अधिक ऐकू यावी, असा प्रसंग आजही वारंवार येतो. हा दोष यंत्राचा की यंत्र जोडणाराचा, तो केव्हापासून आहे आणि त्यावर निरनिराळ्या काळांत कोणते उपाय योजले गेले, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय तांत्रिक दिसला तरी इतिहासाच्या अभ्यासकाला तो परका नाही. मुद्रित नाद हे एक साधन आहे, आणि साधनाची परीक्षा केल्यावाचून त्यावर निष्कर्ष उभारता येत नाहीत.

१

प्रथम निमित्त सांगतो. नशिराबाद येथे एक वृद्ध पेटीवादक राहत असत. तरुणपणी फिरत्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजविण्याचे काम त्यांनी केले होते. नटाने पद घेतले असता दोन चरणांमधील जागा कशी भरावयाची, नटाचा श्वास संपण्यापूर्वी स्वर कोठे उचलून धरावयाचा, प्रेक्षकांनी पुन्हा मागणी केल्यास पद कोणत्या स्वरावरून फिरवून आणावयाचे, हे सारे त्यांनी आपल्या आधीच्या वादकाकडून ऐकून शिकले होते. लिहिलेले असे त्यांच्यापाशी काहीच नव्हते. वार्धक्यामुळे भाता ओढणे व पायटे दाबणे त्यांना अशक्य झाल्यावर ते नातवाच्या डिजिटल पियानोवर वाजवू लागले. त्यास भाता नाही, आणि पट्टीही हलक्या बोटाने दबते. प्रस्तुत लेखकाने त्यांचे वादन मुद्रित करण्याचे ठरविले.

पहिल्या बैठकीत त्यांनी सुमारे पाऊण तास वाजविले. नाट्यपदांच्या साथीच्या अकरा जागा त्यांनी क्रमाने, एकाही ठिकाणी न अडता काढून दाखविल्या. मुद्रण लावून पाहिले तेव्हा संगणकाच्या पडद्यावरील नादरेषा केसासारखी बारीक दिसली, आणि कानांवर जे आले ते दूरच्या खोलीत कोणी वाजवीत असावे तसे. वृद्ध गृहस्थ क्षणभर थांबून म्हणाले, “मास्तर, एवढं वाजवलं, ते गेलं कुठं?” या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मला देता आले नाही. ते शोधू लागल्यावर हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांचा आहे असे ध्यानात आले.

२

एडिसनने १८७७ साली ध्वनिलेखन यंत्र सिद्ध केले व पुढील दशकात बर्लिनरने तबकडीची पद्धत काढली. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणास खरा आरंभ १९०२ साली झाला. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला व त्याने गौहरजान प्रभृतींची गाणी मुद्रित केली. ती मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तेथे त्यांच्या तबकड्या तयार होत. कलकत्त्यातच कारखाना निघाला तो १९०८ साली.

त्या काळच्या मुद्रणात वीज नव्हती, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. गायकापुढे एक मोठा कर्णा असे. त्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा व त्यास जोडलेली सुई असे. आवाजाच्या कंपाने सुई हाले व मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जाई. रेघ कोरण्यास लागणारी सारी शक्ती गायकाच्या कंठातूनच यावी लागे, मध्ये तिला वाढविणारे काही नव्हते. मुद्रण क्षीण होत असेल तर उपाय दोनच होते : मोठ्याने गाणे किंवा कर्ण्याजवळ सरकणे. उलट तान फार जोराची आली की सुई उडे, म्हणून गायकास त्या क्षणी मागे सरावे लागे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर नादपातळी राखण्याचे काम गायकाच्या छातीकडे व पायांकडे होते.

याचा परिणाम संगीतावर झाला. उंच पट्टीचे, टोकदार आवाज तबकडीवर स्पष्ट उमटत. तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नसे. त्या पद्धतीने टिपल्या जाणाऱ्या कंपनसंख्यांचा पल्ला सुमारे २५० ते २,५०० हर्ट्झ असा सामान्यतः सांगितला जातो. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा व सर्वांत वरचा सुमारे ४,१८६ हर्ट्झचा आहे, हे पाहिले म्हणजे त्या वाद्याचा किती मोठा भाग कर्ण्याच्या आटोक्याबाहेर राहत असेल ते कळून येईल. युरोप-अमेरिकेत पियानोच्या मागची फळी काढीत, तो उंच चौथऱ्यावर चढवीत, आणि वादकास सर्व वेळ जोरात वाजविण्यास सांगत. व्हायोलिनला तर कर्णा जोडून स्ट्रो याने निराळे वाद्यच तयार केले. आपल्याकडे हार्मोनियमने ही अडचण काही अंशी आपोआप सोडविली, कारण तिचा स्वर अखंड, भेदक व भात्याच्या जोरावर टिकणारा असतो. साथीच्या वाद्यांत तिला तबकडीवर जे ठळक स्थान मिळाले त्याचे श्रेय लोकरुचीइतकेच कर्ण्यालाही दिले पाहिजे.

३

१९२५ साली विजेच्या साहाय्याने मुद्रण करण्याची पद्धती व्यवहारात आली. ध्वनिग्राहकाने नादाचे विद्युत्‌प्रवाहात रूपांतर करावयाचे, वर्धकाने तो वाढवावयाचा आणि मग त्याने सुई हालवावयाची, असा हा क्रम. गायकाचा कंठ व मेणाची तबकडी यांच्यामध्ये प्रथमच एक नियंत्रण आले. हळू गाणारासही आता स्थान मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची १९०४–०५ च्या सुमाराची मुद्रणे आणि १९३० नंतरच्या दशकातील विद्युत्‌मुद्रणे यांची तुलना करणारास हा फरक कानांनीच कळतो. दुसऱ्या काळातील तबकड्यांत मुलायम लगाव व स्वरांमधील सूक्ष्म मींड दोन्ही टिकली आहेत. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला. त्याचे संगीत देणारे व त्यात हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे स्वतः श्रेष्ठ हार्मोनियमवादक होते. पेटी, ध्वनिग्राहक व पडदा यांची गाठ येथे एकाच व्यक्तीच्या ठायी पडली.

परंतु नियंत्रण आले तशी नवी अडचणही आली. प्रवाह किती असावा? एका यंत्रातून निघणारा प्रवाह दुसऱ्यास पुरेसा आहे की नाही, हे कसे ठरवावयाचे? यासाठी माप लागले. अमेरिकेतील नभोवाणी व दूरध्वनी संस्थांनी मिळून १९३९ साली एक प्रमाणभूत काटा ठरविला. तोच पुढे ‘व्ही. यू. मीटर’ म्हणून सर्वत्र ओळखला गेला. यंत्रायंत्रांतील प्रवाहाच्या प्रमाणास ‘लाइन’ पातळी म्हणतात. कालांतराने तिचे दोन संकेत रूढ झाले. व्यावसायिक यंत्रांची पातळी सुमारे १.२३ व्होल्ट आणि घरगुती यंत्रांची सुमारे ०.३१६ व्होल्ट. दोहोंत जवळजवळ १२ डेसिबेलचे, म्हणजे व्होल्टच्या हिशेबाने सुमारे चौपटीचे अंतर आहे. ध्वनिग्राहकाचा प्रवाह तर याहून पुष्कळ कमी, काही सहस्रांश व्होल्ट एवढाच असतो. या तीन पातळ्यांपैकी कोणती कोठे जोडली आहे हे न पाहता केलेले मुद्रण एक तर क्षीण होते किंवा फाटते.

महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली. फितीला स्वतःची अशी एक सळसळ असते. मुद्रण क्षीण झाले की ती सळसळ वर येते, म्हणून तंत्रज्ञ काटा शून्याच्या आसपास, प्रसंगी थोडा वरच ठेवीत. फीत ते सहन करी. याच सळसळीवर उपाय काढणारा रे डॉल्बी हा १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तांत्रिक सल्लागार म्हणून हिंदुस्थानात होता, आणि १९६५ सालीच लंडनला जाऊन त्याने आपली प्रयोगशाळा काढली.

येथे आणखी एका घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली व सुमारे तीन दशकांनंतर ती टप्प्याटप्प्याने सैल झाली. ज्या काळात नभोवाणी हे देशातील सर्वांत मोठे मुद्रणकेंद्र होते, नेमक्या त्याच काळात पेटीवादकांना तेथे दार बंद होते. साथीच्या परंपरेचा बराच भाग त्यामुळे घराघरांत, भजनी मंडळांत व नाटक मंडळ्यांच्या जुन्या माणसांच्या बोटांतच राहिला. नशिराबादच्या वादकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे.

४

आता त्या मुद्रणाकडे वळू. डिजिटल पियानोत तारा नसतात. १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या या वाद्यात स्वरांचे नमुने अंकरूपाने साठविलेले असतात. पट्टी दाबताच ते विद्युत्‌प्रवाहाच्या रूपाने बाहेर पडतात. हा प्रवाह ऑडिओ इंटरफेस नावाच्या पेटीत जातो, तेथे त्याचे पुन्हा अंकांत रूपांतर होते व ते अंक संगणकात साठविले जातात. सारी साखळी अशी : पियानो, तार, इंटरफेसचे प्रवेशद्वार, त्यावरील वर्धक, अंकांतर आणि शेवटी संगणक. पातळी कोठे गळाली हे शोधावयाचे तर पहिल्या कडीपासून क्रमाने पुढे गेले पाहिजे. शेवटाकडून मागे येणारा फसतो. संगणकाच्या पडद्यावरील सरकपट्टी वर केली की ऐकू येणारा आवाज वाढतो, मुद्रित झालेला वाढत नाही. इंटरफेसवरील कर्णश्रवणाच्या खुंटीचेही तसेच.

तपासणीत चार दोष आढळले. पहिला असा की, घरातील मंडळींस त्रास नको म्हणून पियानोचा आवाज एक तृतीयांशावर ठेवलेला होता. ही खुंटी केवळ पियानोच्या कर्ण्यांचा आवाज ठरविते अशी माझी समजूत होती. वस्तुतः अनेक वाद्यांत बाहेर जाणारा प्रवाहही तीच ठरविते. मुळातच कमी निघालेला प्रवाह पुढे वाढविला तर त्याबरोबर मधल्या यंत्रांची खरखरही वाढते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म व अधिक घातक होता. तार कर्णश्रवणाच्या छिद्रातून काढून इंटरफेसच्या एकाच प्रवेशद्वारात घातली होती. त्या छिद्रातून डावा व उजवा असे दोन नाद एकाच तारेतून निघतात. इंटरफेसचे प्रवेशद्वार मात्र समतोल प्रकारचे होते. अशा द्वारास दोन वाहकांतील फरकच तेवढा ऐकू येतो, दोहोंत जे समान असेल ते परस्परांस छेदून नाहीसे होते. ही योजना मुळात चांगल्या हेतूची आहे, कारण बाहेरून शिरणारी विजेची गुणगुण दोन्ही वाहकांवर सारखी पडते व ती अशा रीतीने गळून जाते. येथे मात्र गुणगुणीऐवजी वादनच गळाले. पियानोच्या दोन्ही बाजूंत समान असलेला नादाचा गाभा गेला आणि कडेकडेचा फरक तेवढा उरला. दूरच्या खोलीतून आल्यासारख्या त्या पोकळ आवाजाचे कारण हेच होते.

तिसरा दोष म्हणजे पियानोची घरगुती पातळी व इंटरफेसची व्यावसायिक अपेक्षा यांमधील तफावत. इंटरफेसवरील वर्धकाची खुंटी तळाशीच असल्याने ती भरून निघाली नाही. चौथा दोष मुद्रण १६ बिटांत केल्याचा. मुद्रणाचे शिखर पूर्ण पातळीच्या ४० डेसिबेल खाली, म्हणजे शंभरांश उंचीवर होते. १६ बिटांत नादाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात. त्यांपैकी जेमतेम ६५५ आमच्या वाट्यास आल्या, म्हणजे साधारण साडेनऊ बिटांचे मुद्रण झाले. हेच २४ बिटांत केले असते तर पायऱ्या एक कोटी सदुसष्ट लाखांवर असत्या, आणि त्यांचा शंभरावा भागही १६ बिटांच्या संपूर्ण शिडीहून मोठा ठरला असता.

दुसरी बैठक दोन महिन्यांनी झाली. या वेळी पियानोची भिंतीकडची बाजू प्रथम पाहिली. तेथे डावे व उजवे अशी दोन लाइन-छिद्रे होतीच, पहिल्या वेळी कोणी ती पाहिली नव्हती. त्यांतून दोन स्वतंत्र तारा काढून दोन प्रवेशद्वारांस जोडल्या व ती द्वारे ‘लाइन’वर ठेवली. ज्या वाद्यास कर्णश्रवणाचे एकच छिद्र असेल त्याकरिता एका टोकास स्टीरिओ व दुसऱ्या टोकास दोन स्वतंत्र खुंट्या असलेली फाट्याची तार वापरावी, म्हणजे छेद होत नाही. पियानोचा आवाज तीन चतुर्थांशावर नेला. नंतर वादकास सर्वांत जोराची जागा वाजविण्यास सांगून, शिखर पूर्ण पातळीच्या सुमारे १२ डेसिबेल खाली राहील इतका वर्धक उघडला. वर एवढी मोकळी जागा ठेवण्याचे कारण असे की, शून्याच्या वर गेलेला नाद फीत काही अंशी सामावून घेत असे, पण अंकमुद्रण त्याची टोके सरळ छाटून टाकते. मुद्रण २४ बिटांत केले. लाइन-छिद्रे वापरल्यामुळे पियानोचे स्वतःचे कर्णेही चालू राहिले. पहिल्या वेळी वृद्ध वादकास कानांवर अनोळखी साधन चढवून वाजवावे लागले होते, आता त्यांना वाद्य समोरून ऐकू येत होते.

मुद्रण भरदार व स्वच्छ झाले. परंतु दोन महिन्यांत त्यांच्या उजव्या हाताची शक्ती कमी झाली होती. अकरा जागांपैकी सहाच त्यांना नीट काढता आल्या. दोन आठवल्या नाहीत, आणि तीन त्यांनी अर्ध्यावर सोडून दिल्या. त्यानंतर बैठक झाली नाही.

५

आज आमच्यापाशी दोन साधने आहेत. एक क्षीण परंतु पूर्ण, दुसरे स्पष्ट परंतु अपूर्ण. यांपैकी कोणते प्रमाण मानावे? इतिहासाच्या अभ्यासकास हा प्रश्न नवा नाही. एका पोथीची पाने शाबूत असतात पण शाई उडालेली असते. दुसरीची शाई ठळक असते पण मधली पाने गहाळ झालेली असतात. संपादक दोन्ही समोर ठेवून पाठ सिद्ध करतो. आम्हीही तेच केले. पहिल्या मुद्रणाची मूळ प्रत जशीच्या तशी राखली व वेगळ्या प्रतीवर पातळी वाढविली. खरखर वाढली तरी दुसऱ्या मुद्रणात मिळालेल्या सहा जागांचा आधार घेऊन कानास सवय करता येते, आणि मग उरलेल्या पाच जागांतील स्वरही बहुतांशी ओळखू येतात. मात्र दाब, लय व स्वराची भरणी यांविषयी त्या पाच जागांवरून काही विधान करणे धाडसाचे ठरेल. जो पोकळपणा तेथे ऐकू येतो तो वादकाचा नव्हे, तारेचा आहे. हे नोंदवून ठेवले नाही तर पुढचा अभ्यासक त्यास वादनशैलीचे लक्षण समजेल. कर्ण्यासमोर ओरडून गाणाऱ्या गायकांच्या तबकड्यांवरून त्यांच्या मैफलीच्या गायकीविषयी काढलेली अनुमाने याच कारणाने जपून स्वीकारावी लागतात.

खानदेशास संग्रहाची परंपरा आहे. धुळ्यास शंकरराव देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन करून समर्थ वाङ्मयाची बाडे जमविली. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले व त्यांचे दप्तर सांभाळले गेले. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या भागात, खानदेशी बोलीचे नमुने छापलेले आहेत. त्यांतील शब्द वाचता येतात, हेल मात्र ऐकू येत नाही. कागदाच्या बाबतीत आपल्या पूर्वसूरींनी जी दक्षता घेतली तीच नादाच्या बाबतीत आपण घ्यावयास हवी. अहिराणी ओव्या, भजनी मंडळांच्या चाली, जुन्या पेटीवादकांच्या जागा टिपण्यास निघणाऱ्या प्रत्येकाने प्रारंभी पाच मिनिटे चाचणी-मुद्रण करावे व ते तेथेच ऐकावे. कोणते वाद्य, कोणत्या छिद्रातून, कोणत्या तारेने, कोणत्या द्वारास व किती पातळीवर जोडले हे कागदावर लिहून मुद्रणाबरोबर ठेवावे. आणि वादकास पुन्हा बोलावता येईल या भरवशावर राहू नये.

“एवढं वाजवलं, ते गेलं कुठं?” या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. ते तारेच्या दोन वाहकांत एकमेकांस छेदून गेले, उरले ते पियानोच्या अर्धवट उघडलेल्या खुंटीपाशी अडले, आणि त्यातून जे पुढे पोहोचले त्यास शिडीच्या तळाच्या ६५५ पायऱ्यांत बसावे लागले. विचारणारास हे सांगता आले नाही. दुसऱ्या बैठकीचे मुद्रण मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, आणि ऐकताना सोडून दिलेल्या तीन जागांपैकी एक त्यांनी मांडीवर बोटांनी पुरी करून दाखविली. त्या वेळी यंत्र बंद होते.